खंडेनवमीला दारात एकच गाडी

आज पाच गाड्या धुवायच्या होत्या, दारात होती एकच. बाकीच्या चार मालाच्या भाड्यावर, रस्त्यावर. अण्णांना त्याचं काही नाही. उलट सणाला सगळ्या गाड्या दारात दिसल्या की तेच अस्वस्थ होतात. आईनं जॅक, पाने आणि टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा पुसून पाटावर मांडली, मी झेंडू ओवत बसले.

आमची सुरुवात बैलगाडीची. आबा तासगावकडून गुळाच्या ढेपा, हळदीची पोती सांगलीच्या गणपती पेठेत आणून टाकायचे. परतताना पेंड, मीठ, कुणाच्या लग्नाचा बस्ता, जे मिळेल ते. गाडी मोकळी आली की आजी बैलांना पाणी दाखवत पुटपुटायची, "फुकट चालवलं मुक्या जनावराला."

१९९४ ला अण्णांनी जुनी ४०७ घेतली, टाटाची छोटी मालगाडी. पतसंस्थेचं कर्ज आणि आईच्या पाटल्या. (पाटल्यांचा विषय आमच्याकडे अजूनही जपून काढायचा असतो.) द्राक्षाच्या हंगामात मुंबईचं भाडं हमखास मिळायचं, पंचाईत येतानाची. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त फेऱ्या मोकळ्या आल्या आणि हप्ते थकले. आबा म्हणाले, "मोकळी गाडी खंबाटकीचा घाट गाणं म्हणत चढती आन् घरी येऊन रडवती."

मग अण्णांनी मुंबईजवळ वाशीत मुक्काम ठोकायला सुरुवात केली. गाडीखाली अंथरूण, दिवसभर हुंडेकऱ्याच्या, म्हणजे भाडं जुळवून देणाऱ्याच्या ओट्यावर. सांगली, मिरज, अगदी विट्यापर्यंतचं काहीही चालेल. तेलाचे डबे, खोके, जुने पत्रे. एकदा रंगाचे डबे फुटले, तर हौदाच्या फळ्या शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या. भरल्या गाडीनं घाट चढताना किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, हातात दगड घेऊन मागून चालायचा, गाडी मागं सरकलीच तर चाकाला लावायला. असं करत चार वर्षांत दुसरी गाडी आली. पुढं ट्रक आले, ते सगळे हप्त्यांवर. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. जमिनीखाली साठवलेली हळद गेली, त्याबरोबर आमची वर्षभराची भाडीही. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके गेले. नाक्यावर रात्री काढलेले अण्णा तेव्हा आठवडाभर खूश होते. पुढं ई-वे बिल आलं, मालासोबतचा ऑनलाइन काढायचा कागद, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आता परतीचं भाडं मी मोबाईलवर शोधते. अण्णांना ते पटत नाही. ओट्यावर बसल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणतात. एका व्यापाऱ्यानं गेल्या वर्षी आमचं भाडं बुडवलं, तेव्हापासून मीही फारसा वाद घालत नाही.

नारळ फोडणार तेवढ्यात वाशीहून ड्रायव्हरचा फोन. अण्णांनी नारळ खाली ठेवला.

"भरून येतोयस का मोकळा?"

"अर्धी भरलीय अण्णा. उरलेला माल उद्या देतो म्हणतात."

"मग उद्या नीघ," अण्णा म्हणाले. "तिथंच चाकाला हळदकुंकू लाव."