अपडेटनंतर पीसी उठेना आणि नाटकांची डिस्क दिसेना

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ होती. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, आणि खाली कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा म्हणून. दाबलं. पुन्हा तीच ओळ. सात-आठ वेळा दाबलं असेल. चहा ठेवायला आलेली बायको म्हणाली, “तेच तेच दाबून का होते?” तिचं बरोबरच होतं, पण दुसरं काय दाबायचं ते मला माहीत नव्हतं.

ही १३ नोव्हेंबर २०२५ ची सकाळ. आदल्या रात्री मी पीसी ‘अपडेट अँड शट डाउन’ करून झोपलो होतो. त्यामुळे गुन्हेगार कोण, हे ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मी ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात फोटो-व्हिडिओचं काम करतो. उन्हाळ्यात लग्नं, आणि भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, अन् झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची नाटकं. धान कापणीला आलेला असतो, बांध्यांमधून पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, दिसायला लागतात आणि वडस्याच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री दहाला पडदा वर जातो, पहाटे लोक डोळे चोळत घरी. मी कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा लावून पूर्ण नाटक घेतो. एका नाटकाचे चाळीसेक जीबी होतात. दोन हंगामांची वीसेक नाटकं एका एक टीबीच्या डिस्कवर होती. डिस्क म्हणजे तरी काय, जुन्या लॅपटॉपची काढून केसिंगमध्ये बसवलेली. एका मंडळीला त्यातलं एक नाटक रविवारपर्यंत एडिट करून द्यायचं कबूल केलेलं होतं. दुसरी कॉपी? ती करायचीच होती. दोन वर्षांपासून.

आता थोडं मागचं सांगतो, कारण त्यातच मी स्वतःला फसवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. खात्यात साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट फुकट मिळत होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ‘संपलं’ एवढंच ऐकलं आणि ११ टाकायला बसलो. माझा पीसी २०१९ चा असेंबल केलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे ११ ला चालणारा. पण तपासणीच्या प्रोग्रॅमनं दोन ठिकाणी लाल खूण दाखवली, टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरुवातीला फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय). ज्यानं जोडून दिला त्यानं विंडोज जुन्या पद्धतीनं, एमबीआर मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं; ११ ला नवी, जीपीटी मांडणी लागते. नागपूरला नोकरीला असलेल्या भाच्यानं फोनवरून एमबीआर-टू-जीपीटी ही कमांड चालवून घेतली. त्या कमांडनं डिस्कची मांडणी बदलते, डेटा जात नाही. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये, सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होऊ देणारी सोय) बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू. पीटीटी म्हणजे इंटेलनं प्रोसेसरसोबतच दिलेलं टीपीएम, वेगळी चिप घ्यावी लागत नाही. ११ बसलं, छान चाललं. तीन-चार आठवडे कुठे काही अडलं नाही.

म्हणून त्या सकाळी माझा पहिला संशय अपडेटवर आणि दुसरा या मांडणी बदलण्यावर. ब्रह्मपुरीच्या एका रिपेरिंगवाल्याला फोन केला. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “फॉरमॅट मारावं लागन भाऊ. घेऊन या.” एव्हाना मी सीपीयूच्या वायरी काढायला घेतल्या होत्या. पॉवरची काढली, मॉनिटरची काढली. पुढच्या यूएसबीला डिस्क तशीच लटकलेली. निघायच्या आधी एकदा भाच्याला विचारावं म्हणून थांबलो, ते बरं झालं.

“मामाजी, बाहेरची डिस्क लावून आहे का?”

“आहे न. नेहमीच राहते.”

“काढा. अन् मग चालू करा.”

काढली. वायरी परत लावल्या. बटण दाबलं. बोर्डाचा लोगो, खाली गोल फिरणारे ठिपके, आणि विंडोज समोर! आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मी फोनवरच पडलो.

म्हणजे ‘मिसिंग’ आहे असं ओरडत होती ती माझी सी ड्राइव्ह नव्हतीच. ती बाहेरची डिस्क होती. कधीकाळी लॅपटॉपमध्ये असताना तिच्यावर विंडोज ७ होतं. मी ती फॉरमॅट केली, पण पार्टिशनवरची ‘अॅक्टिव्ह’, म्हणजे ‘इथून सुरू करा’, ही खूण तशीच राहिली. अशा डिस्कवरून पीसी सुरू करायला गेलं की त्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधला चिमुकला प्रोग्रॅम विंडोज सुरू करून देणारी बूटएमजीआर ही फाइल शोधतो, ती सापडत नाही, आणि तो तसं सांगून थांबतो. निरोप खरा होता, फक्त भलत्याच घरचा.

पण काल रात्रीपर्यंत पीसी त्या डिस्ककडे ढुंकूनही बघत नव्हता, मग आजच काऊन?

याचं उत्तर लॉक स्क्रीनवर होतं आणि मी ते वाचत नव्हतो. पिन टाकायला गेलो तर विंडोज म्हणे तुमचा पिन सध्या चालत नाही. पासवर्ड बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला होता म्हणून वाचलो. भाच्यानं विचारलं, “तारीख कोणती दाखवते?” मी बघितलं. १ जानेवारी २०१८. पीसी विकत घ्यायच्याही आधीची.

भाचा हसायला लागला. “मामाजी, तुमचा सेल मेला.”

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो. २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. नंबर म्हणजेच माप, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. पीसीची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ त्यावर चालतं, आणि तो मेला की अनेक बोर्ड बायोसची सेटिंग्ज पहिल्यासारखी करून टाकतात. शहरात पीसी बंद केला तरी बटण चालूच राहतं, बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, सेलवर भार येत नाही. आम्ही रात्री मेन स्विचच पाडतो. विजा कडाडल्या, व्होल्टेज चढलं तर काय घ्या, म्हणून. सहा वर्षं रोज रात्री त्या सेलनं एकट्यानं घड्याळ सांभाळलं. दिवाळीपासून घड्याळ मागे पडायला लागलं होतं. कधी दोन तास, कधी पाच. मी हातानं पुढे करायचो आणि कामाला लागायचो. इशारा याहून स्वच्छ काय असतो, सांगा.

त्या रात्री सेल पुरता गेला. बायोस मूळ सेटिंगवर आलं. सीएसएम परत चालू झालं, त्यामुळे जुन्या पद्धतीची एमबीआर डिस्क त्याला पुन्हा बूट करण्याजोगी दिसायला लागली. कुठून सुरू व्हायचं त्या यादीत यूएसबी सगळ्यात वर आली. आणि पीटीटी बंद पडलं. पिन टीपीएमला बांधलेला असतो, म्हणून पिन गेला. तीन दुखणी, मूळ एक. अपडेट बिचारं त्याच रात्री झालं, एवढाच त्याचा गुन्हा.

सीपीयू उघडला. आत बघण्यासारखं दृश्य होतं. पलीकडेच राइस मिल आहे, तिथला कोंडा पंख्यावर बोटभर बसलेला. पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन फुटकी अंडी. सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला, त्याच्या बाजूची पत्र्याची खीळ आगपेटीच्या काडीनं मागे सारली तेव्हा तो टुणकन उडून टेबलाखाली गेला. वायरमनच्या मीटरवर लावून बघितला, दोन व्होल्टच्याही खाली. नवा ब्रह्मपुरीच्या घड्याळवाल्याकडे ४० रुपयांना मिळाला. गाडीच्या रिमोटमध्येही बहुतेक हाच असतो, त्यामुळे कुठेही मिळतो. बसवताना अधिकची खूण वर ठेवायची. मग बायोसमध्ये जाऊन तारीख, सीएसएम बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू, विंडोजची एसएसडी पहिल्या नंबरवर. या वेळी मात्र प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पिन आपोआप परत आला.

आता डिस्क. इथे माझी खरी तंतरली.

पुढच्या पोर्टला लावली. टुंग असा आवाज आला, लगेच उतरता टुंग, पुन्हा टुंग. मग खिडकी उघडली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? ‘फॉरमॅट डिस्क’चं बटण आधीच निवडलेलं. एंटर दाबायचा अवकाश होता. मी माउस, कीबोर्ड सगळं सोडून हात मांडीवर घेऊन बसलो आणि पुन्हा फोन लावला.

“कॅन्सल करा. अन् मागच्या निळ्या पोर्टाले लावा, दुसऱ्या वायरीनं.”

माझी वायर बाजारातून घेतलेली लांबलचक, पुढचं पोर्ट जुन्या यूएसबी २ चं. तिथे ५०० मिलिअँपिअर मिळतात, मागच्या निळ्या यूएसबी ३ ला ९००. म्हातारी डिस्क फिरायला लागली की वीज कमी पडायची, ती अर्ध्यातच मान टाकायची आणि विंडोजला वाटायचं हिच्यावर काही लिहिलेलंच नाही. भाचीच्या बॅकअप डिस्कची वीतभर वायर मागून आणली. तीच ती रुंद, दोन कप्प्यांच्या तोंडाची. लावली. टुंग. एकदाच. फोल्डर दिसले, नाटकांची नावं दिसली.

एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये मात्र सगळ्या क्लिप लाल. फाइल सापडत नाही म्हणे. हे सोपं निघालं. या गोंधळात कार्ड रीडरनं ई हे अक्षर बळकावलं होतं आणि डिस्क एफ झाली होती. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, आधी रीडरला दुसरं अक्षर आणि मग डिस्कला ई. लाल गेलं.

इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायला तोंड नसतं. भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्रॅम उघडायला लावला. पिवळा चौकोन, ‘कॉशन’. ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत आकडा होता. म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल न लागलेले तुकडे. मी म्हटलं चेकडिस्क मारतो. तो जवळपास ओरडलाच. चेकडिस्क फाइलींच्या नोंदी दुरुस्त करायला डिस्कवर लिहितं. मरत्या डिस्कवर आधी कॉपी, दुरुस्ती नंतर.

साध्या कॉपी-पेस्टनं तिसऱ्याच फाइलवर मान टाकली. मग रोबोकॉपी. ही कमांड विंडोजमध्येच असते. अट एकच, ती फोनवर ऐकून टाइप करायची असेल तर ‘स्लॅश’ कोणता, उजवीकडे झुकलेला की डावीकडे, हे आधी ठरवून घ्या. आमची दहा मिनिटं त्यातच गेली. आणि शेवटी ‘स्लॅश आर कोलन एक, स्लॅश डब्ल्यू कोलन एक’ हे विसरू नका. ते दिलं नाही तर न वाचता येणाऱ्या फाइलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. मी कॅल्क्युलेटरवर केलं: एका फाइलपायी ३४७ दिवस. पुढची मंडईसुद्धा निघून गेली असती.

आतल्या एक टीबीच्या डिस्कवर लग्नांचा पसारा होता, तो हलवून जागा केली. चांगली डिस्क असती तर आठशे जीबी तीन-चार तासांत गेले असते. मला गुरुवार संध्याकाळपासून शनिवार दुपार लागली. लाइन दोनदा गेली, एकदा तर यूपीएसनं शेवटचं पीं केलं तेव्हा. तीच कमांड पुन्हा दिली की झालेल्या फाइली ती सोडून देते, हे त्यातल्या त्यात सुख. रात्री उठून उठून बघत होतो. डिस्कला हात लावला की तापलेली, म्हणून तिच्याखाली दोन पेनं ठेवून वरून टेबलफॅन सोडला होता.

शेवटी दोन फाइली आल्या नाहीत. एक कुठल्या तरी गावच्या शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, ती कोणी विचारणार नाही. दुसरी नेमकी रविवारी द्यायच्या नाटकातली, तिसऱ्या अंकातला अकरा मिनिटांचा तुकडा. रविवारी वडस्याला पेन ड्राइव्ह घेऊन गेलो आणि मंडळीच्या मालकाला आधीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. लावून बघितलं, तिसरा अंक आला, मधेच चित्र उडी मारून पुढे गेलं. तेवढ्या जागेतले नायिकेचे संवाद त्यांनी तिथेच खुर्चीवर बसून तोंडपाठ म्हणून दाखवले आणि उरलेले पैसे मोजून दिले.