व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी करताय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, करायचा म्हटलं की सगळे आधी व्हॉल्व्ह कुठले घ्यायचे यावरच बोलतात. रशियन घेऊ की स्लोव्हाकियाचे, की जुने बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) कुठे मिळतात का बघू... माझं मत विचाराल तर व्हॉल्व्ह नंतर बघा हो, आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) कोण गुंडाळून देणार ते ठरवा. आवाज चांगला होणार की वाईट ते तिथेच ठरतं.

मी केलाय तो सिंगल एंडेड (म्हणजे चॅनलला एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेला) स्टिरिओ. प्रत्येक चॅनलला एक ईएल८४, आणि त्याच्या आधी दोघांत मिळून एकच ईसीसी८३, कारण त्या एका काचेत दोन ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचे साधे व्हॉल्व्ह) असतात, एक डावीकडे वापरायचा एक उजवीकडे. रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, ईझेड८१. बस, चार व्हॉल्व्ह.

आता ट्रान्सफॉर्मर. ईएल८४ ला साधारण ५,२०० ओहमचा लोड लागतो आणि आपला स्पीकर ८ ओहमचा. ५,२०० भागिले ८ म्हणजे ६५०, ओहमचं प्रमाण वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाइतकं असतं, म्हणून त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस, म्हणजे सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या गुंडाळीच्या) एका वेढ्याला प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) साडेपंचवीस वेढे. इथपर्यंत सोपं आहे. पण वाइंडिंगवाल्यांना सवय असते पॉवर ट्रान्सफॉर्मरची, खाली सगळी प्रायमरी आणि तिच्यावर सगळी सेकंडरी, आणि ऑडिओला तसं केलं की वरचे सूर मेलेच, झांजा आणि तबल्याची चाट कुठे जाते कळत नाही. प्रायमरीचे तुकडे पाडून मधेमधे सेकंडरीचे थर यायला हवेत. दुसरं म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मरला ई आणि आय पत्र्या आलटून पालटून भरतात, इथे सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद, कारण सिंगल एंडेडमध्ये ४५-५० मिलिअँपिअर डीसी कायम त्या गुंडाळीतून वाहतो, कागदाची ही फट (गॅप) नसेल तर कोअर, म्हणजे पत्र्यांचा गाभा, सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पुरता भरून जातो) आणि खर्ज जातो. मी थरांचं चित्र काढून नेलं होतं आणि काम होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. ते काका जुन्या रेडिओंचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेले, चित्र बघूनच म्हणाले, "कागद किती जाडीचा टाकू ते सांग." अशी माणसं आता फार कमी उरलीत, तुमच्या गावात कोणी असेल तर आत्ताच जाऊन भेटा खरंच.

बाकीचे पार्ट लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात की बरेचसे मिळतात. महागडे कपॅसिटर वगैरेच्या नादी लागू नका, ते पैसे कोअरमध्ये घाला.

कॅथोड रेझिस्टर (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहणार ते ठरवणारा) डेटाशीटमध्ये १३५ ओहम दिलाय पण त्यावर ईएल८४ बरोब्बर १२ वॉट उष्णतेच्या मर्यादेवर चालतो, मी १५० टाकला, व्हॉल्व्ह जरा थंड राहतो आणि आवाजात काही फरक कळत नाही. फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) ६.३ व्होल्टच्या वायरी पीळ घालून चासीला चिकटवून न्या, हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) बराचसा तिथेच मरतो. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देणारी वायर) जोडल्यावर भोंगा वाजायला लागला तर घाबरू नका, अ‍ॅम्प बंद करा आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं उलटी करा.

आणि हे अगदी कळकळीने सांगतोय, आत २५०-३०० व्होल्ट डीसी असतो, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) लावाच आणि तरीही मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका. स्पीकर न जोडता तर चालू करूच नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

पॉवर मिळते चॅनलला पाचेक वॉट. लोक हसतात, पण ९० डीबीच्या वरचा सेन्सिटिव्ह स्पीकर लावा आणि तानपुरा ऐका, जव्हारी अशी सुटी ऐकू येते की बास. ट्रायोड जोडणीत (ईएल८४ ट्रायोडसारखा जोडला की) दोनच वॉट मिळतात, पण रात्री गायकी ऐकायला मला तीच जास्त आवडते, त्यासाठी मागे एक स्विच ठेवलाय. कोणाला थरांचं चित्र हवं असेल तर सांगा, देतो.