सड्यावर गाडी घालण्याआधी

दिवाळी सरली, सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावरचं, गवत पिवळं पडायला लागलं की मला मेसेज सुरू होतात. 'राजापूरकडे ऑफ-रोडिंगला चांगला ट्रॅक कुठे आहे?' विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, काही कोल्हापूरचे. मी स्वतः एक्सपल्स ही ऑफ-रोड मोटारसायकल चालवते, कामासाठीही आणि हौसेनेही, त्यामुळे त्या प्रश्नामागची ओढ मला चांगली कळते. पण आमच्याकडे ट्रॅक नाहीत, वाटा आहेत. त्या गुरांच्या, बागेत फवारणीला जाणाऱ्या गड्यांच्या, शाळेच्या पोरांच्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

सड्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांना तिथेच जायचं असतं. लांबच लांब सपाट कातळ, कुंपण नाही, घर नाही, पलीकडे समुद्र. बघणाऱ्याला वाटतं ही कुणाचीच जमीन नाही. तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढलात तर एकेका तुकड्यावर तीस-चाळीस नावं निघतात. निम्मे मुंबईत असतात, काही वारलेले असतात, पण जमीन खाजगी असते. म्हणून मी आधी खालच्या वाडीत थांबते. पहिल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कुणी ना कुणी भेटतंच. 'वर सड्यावर जायचंय, गाडी नेली तर चालेल का, वाट कुठून?' एवढं विचारलं की नुसती परवानगी मिळत नाही, माहितीही मिळते. कुठे कुळीथ पेरलाय, कुठे चिरेखाण आहे, गुरं आज कुठल्या अंगाला आहेत. चिरेखाणीचा मुद्दा हलका घेऊ नका. जांभा सरळ कापून काढलेला असतो, काठाला कठडा नसतो आणि गवत वाढलं की दहा-पंधरा फुटांचा खड्डा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

आता गुरं. मी पशुवैद्य आहे, तेव्हा इथे जरा जास्त लिहिणार. आमच्याकडची गावठी गाय, जिची आता कोकण कपिला या नावाने जात म्हणून नोंद झाली आहे, ती अंगाने लहान, पायाने चपळ आणि स्वभावाने सावध. गाईला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तिची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा तीक्ष्ण. म्हणजे मागून येणारी गाडी तिला दिसत नाही, फक्त ऐकू येते. अशा वेळी ती बाजूला होत नाही, पुढे पळते. एक पळाली की कळप पळतो. तुम्ही मागून हळू चालवलीत तरी कळपाला तो पाठलागच वाटतो.

गेल्या मार्गशीर्षात एका वाडीतून बोलावणं आलं. आदल्या दिवशी सात-आठ गाड्यांचा एक ग्रुप सड्यावरून गेला होता, गुरं उधळली होती. सहा महिन्यांची गाभण गाय पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. खूर धुऊन बघितलं. बाहेरच्या नखीची भिंत जांभ्याच्या धारेवर उभी चिरली होती, आतलं मांस दिसत होतं, चिरेत लाल खडी रुतून बसली होती. खडी काढताना तिने एकदाही लाथ मारली नाही, नुसती थरथरत होती. वासरू वाचलं. पण पुढचे कित्येक दिवस ती गोठ्यातच होती आणि तिच्यासाठी घरातली म्हातारी रोज डोक्यावरून चारा आणत होती. त्या ग्रुपमधल्या कुणाला हे कधी कळलंही नसेल.

तेव्हा गुरं दिसली की गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. नुसतं न्यूट्रलला टाकून उभं राहू नका. बंद गाडी गुरांना झाडाझुडपासारखीच, ती वास घेत शेजारून निघून जातात. गाय आणि वासराच्या मध्ये कधीही घुसू नका. राखण करणाऱ्याला आधी हाक मारा. सड्यावर एक आजोबा मला नेहमी भेटतात, अजूनही लांबूनच ओरडतात, ‘बाय, गाडी बंद कर गो, गुरां बुजतत.’ मी बंद करते, ते गुरं वळवून घेतात, मग हात करतात. दोन-तीन मिनिटं जातात.

बेडं, म्हणजे कुंपणातलं फाटक, जसं असेल तसंच ठेवायचं. लावलेलं असेल तर आत गेल्यावर उतरून पुन्हा लावायचं, उघडं असेल तर उघडंच. भात कापलं की गुरं मोकळी सोडतात आणि त्याच दिवसांत मळ्यात कुळीथ, पावटा, भाजी असते. एक बेडं उघडं राहिलं तर रात्रीत पीक साफ होतं. गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दगड काढून वाट करणारेही मी बघितलेत. चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड बसवून उभा केलेला असतो तो. वरचे चार दगड काढलेत की पुढच्या पावसात सगळा ढासळतो.

पाखाडीवर, म्हणजे गावातल्या पायऱ्यांच्या वाटेवर, मी गाडी घालत नाही. एक्सपल्सला त्या पायऱ्या चढता येतात, पण त्या चिऱ्यांच्या पायऱ्या गावाने पायांसाठी बांधल्यात, शिमग्याला पालखी त्यांवरूनच घरोघरी जाते. अरुंद पायवाटेवर समोरून गवताचा भारा घेतलेली बाई आली तर गाडी बंद करून उताराच्या बाजूला घ्या आणि तिला डोंगराकडची बाजू द्या. भाऱ्याखालून तिला पुढची चार पावलंच दिसतात. मान वळवता येत नाही आणि भारा एकदा उतरवला की एकटीला पुन्हा चढवता येत नाही.

कातळशिल्पांबद्दल आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही आमच्याच तालुक्यातली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, पण शेजारी उभं राहिलं तर तो हत्ती म्हणून दिसतच नाही, कातळावरच्या उथळ चरा तेवढ्या दिसतात, त्यांतही माती आणि गवत भरलेलं. भोवती चिऱ्यांचं कुंपण काही ठिकाणीच आहे आणि नवी शिल्पं अजून सापडतायत. म्हणून चाकांनी आधीच पडलेली चाकोरी सोडून कातळावर गाडी फिरवायची नाही, साइड स्टँडसुद्धा चाकोरीतच लावायचा.

चाकोरी न सोडण्याचं दुसरं कारण माती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावर मागचं चाक जागेवर फिरलं की लाल मातीत चर पडतो आणि पहिल्या मोठ्या सरीला त्याचा ओहोळ होतो. तिथून वाट जाते ती जातेच. मातीच्या चढावर मी टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवते, दुसऱ्या गिअरमध्ये, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून, थ्रॉटल हळू. कातळावर परत भरते, नाहीतर जांभ्याच्या धारेवर ट्यूब चिमटते. सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहेच, आणि गुरांबद्दल वर लिहिलंच आहे.

जुलै ते ऑक्टोबर सड्यावर जाऊच नका. कातळावर दोन-चार बोटं माती असते, तिच्यात सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात, बी तिथेच पडतं, पुढच्या वर्षीचं रानही तिथूनच येतं. एका चाकाने ती माती खरवडून निघते. उन्हाळ्याच्या तोंडाला टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, आणि ती जांभ्याच्याच रंगाची असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या चाकोरीनेच मागे फिरा.

वाळूवर मी गाडी नेत नाही, कुठल्याच महिन्यात. आमच्याकडे वेत्ये, माडबनला आणि वर वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं हाताभर खोल, वरून काही ओळखू येत नाही. पिल्लू बाहेर आलं तर टायरच्या चरात अडकतं आणि चराबरोबर किनाऱ्याला समांतर चालत राहतं, समुद्राकडे पोचतच नाही. वेळासला गावकऱ्यांच्या साथीने २००२ पासून हे संवर्धनाचं काम चाललंय. त्यावर चाकं फिरवायची नाहीत.

फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. गवत कडक वाळलेलं, सायलेन्सर तापलेला, आणि सड्याच्या कडेने सगळी हापूसची कलमं नि काजू. गवतात उभी केलेली एक गाडी पुरते. पंधरा वर्षं वाढवलेलं कलम एका दुपारी जळतं. शिवाय त्याच दिवसांत मोहोर असतो आणि वाटेची धूळ त्यावर बसते.

म्हणजे सड्याचा मोसम दिवाळी ते संक्रांत, फार तर जानेवारीअखेर. हे सांगितलं की मित्र नाराज होतात, 'मग उरलं काय?' पुष्कळ उरतं. वाड्या जोडणारे खडीचे आणि मातीचे रस्ते आहेत, सार्वजनिक आहेत, एसटी जाते तिथेही दगडमातीचे पट्टे आहेत. अणुस्कुऱ्याचा घाट आहे. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून खाडी ओलांडत किनाऱ्याने जाता येतं. चार-पाचपेक्षा जास्त गाड्या एकत्र आणू नका, म्हणजे वाडीतल्या लोकांना तुमच्याशी बोलता येईल. राजापूरकडे येणार असाल तर आधी कळवा. कुठल्या सड्यावर कुणाला विचारायचं ते सांगेन, आणि त्या दिवशी गुरांच्या फेरीवर नसेन तर बरोबरही येईन.