अलार्म पॅनेलला डायलर जोडताना

घरी कोणी नसताना सायरन कितीही बोंबलला तरी आपल्याला कळणार कसं, म्हणून मागच्या रविवारी अलार्मच्या पॅनेलला जीएसएम डायलर जोडला, म्हणजे अलार्म वाजला की सिमकार्डवरून आपल्या मोबाइलला कॉल लावणारं यंत्र. कनेक्शन तशी चारच आहेत, पण त्यातलं ट्रिगरचं, म्हणजे डायलरला 'कॉल लाव' असा इशारा देणारं, नीट समजून घ्या, सगळा खेळ तिथेच आहे.

डायलरला सप्लाय पॅनेलच्या ऑक्स १२ व्होल्टवरून (जोडलेली उपकरणं चालवायला पॅनेलवर असलेलं आउटपुट) दिला, म्हणजे लाइट गेली तरी पॅनेलच्या बॅटरीवर तो चालू राहतो. पण जीएसएम मॉड्यूल कॉल लावताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट खेचू शकतं, त्यामुळे ऑक्सचं रेटिंग, म्हणजे ते किती करंट देऊ शकतं, आधी बघा. माझं पॅनेल पहिल्याच टेस्टला रीसेट झालं, कारण हेच. मग डायलरच्या टर्मिनललाच मोठा कपॅसिटर (वीज साठवून गरजेला क्षणात देणारा भाग) लावला तेव्हा कुठे थांबलं.

आता ट्रिगर, तो सायरनच्या आउटपुटवरून घ्यायचा. काही डायलरना १२ व्होल्ट आल्यावर कॉल लावायचा असतो, काहींना ग्राउंड मिळाल्यावर, आणि सायरनचं आउटपुटही पॅनेलगणिक वेगळं, म्हणून अंदाजाने वायर खोचू नका, त्या आउटपुटला मल्टिमीटर लावून अलार्म वाजवा आणि आधी-नंतरचं व्होल्टेज लिहून ठेवा. माझं जुळत नव्हतं, मग मध्ये १२ व्होल्टचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाकला, त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा, डायोडवरची पट्टी पॉझिटिव्हकडे. हा डायोड विसरू नका हं, रिले सुटताना येणारा झटका पॅनेलचं आउटपुट उडवू शकतो.

आणि हो, पॅनेल उघडायच्या आधी मेन्स बंद करून बॅटरीची एक वायर काढायचीच.