ढगांआडचा खर्ज

आमचे काका शहापुरात भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या अल्बममधला पहिला, त्याच नावाचा तुकडा ऐकवला. जेमतेम तीन मिनिटांचा, शब्द एकही नाही. सुरुवातीला व्हीसीएस थ्री या सिंथेसायझरचा एकच जाडसर सूर घुमत राहतो. काका डोळे मिटून म्हणाले, "सा धरलाय की गा ह्यानं. सोडंनाच."

कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी आमच्या बेळगावपासून जवळच. तानपुरा जुळवण्यात ते किती जीव ओतायचे, हे काकांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे असेल, पण या तुकड्यात माझा कान गिटारच्या आधी त्या घुमणाऱ्या सुरावर जातो. मग निक मेसनचे इलेक्ट्रॉनिक ड्रम येतात, ठाय लयीत, जडशीळ. त्यावर डेव्हिड गिल्मोरची गिटार. एकेक सूर तो असा ओढतो की काकांनी मांडीवर बोट घासून मींड दाखवली.

हे सगळं १९७२ सालचं, बार्बे श्रोडर यांच्या 'ला व्हॅले' या चित्रपटासाठी केलेलं. नकाशावर ढगांमुळे कोरी राहिलेली पापुआ न्यू गिनीतली एक दरी शोधायला निघालेल्या माणसांची ती गोष्ट. 'डार्क साइड ऑफ द मून' या पुढच्या अल्बमचं काम बाजूला ठेवून बँडची मंडळी पॅरिसजवळच्या शातो देरुव्हिल स्टुडिओत गेली. फेब्रुवारीत थोडं, मग जपानचा दौरा, मार्चमध्ये उरलेलं. चित्रपटाची कच्ची जोडणी बघायची, स्टॉपवॉच लावून प्रसंगाची लांबी मोजायची आणि तेवढंच संगीत रचायचं. एवढ्या घाईत केलेल्या कामात घाईचा मागमूस नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. मोजून मिळालेली तीन मिनिटं, तरी सूर निवांत बसलेला.

श्रावणात येळ्ळूरचा राजहंसगड ढगात बुडतो, तटबंदीसुद्धा दिसत नाही. तिथे हे ऐकलंय मी, चित्रपट न बघताच. काही अडलं नाही.

या अल्बमला 'डार्क साइड'च्या आधीचं किरकोळ काम म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. पुढे कार्यक्रमांची सुरुवात पिंक फ्लॉइड याच तुकड्याने करायचे आणि लगेच 'व्हेन यू आर इन'. अल्बमवरही दोन्ही पाठोपाठच आहेत. मधे न थांबवता, बऱ्या स्पीकरवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज ऐकूच येत नाही.