अळंबी बुडातून ओळखायची

अळंबी दिसली की बहुतेकांचा हात आधी देठाकडे जातो. देठ मध्येच तुटतो, बूड मातीत राहतं आणि ओळखीची निम्मी खूण तिथेच हरवते. जे उपटत नाहीत ते वरून फोटो काढतात. त्यात छत्रीचा रंग तेवढा येतो, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-कणकुंबीच्या पावसात चार तासांत बदलतो तो रंगच. खवले धुऊन जातात, तपकिरी छत्री पांढुरकी दिसायला लागते.

म्हणून खुरपं देठापासून चार बोटं लांब, तिरकं घालायचं आणि मातीसकट उचलायचं. एका जागेतून एक-दोनच. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काहीच खणायचं नाही. तिथे खिशातला छोटा आरसा छत्रीखाली धरून खालच्या पात्या, म्हणजे पातळ पडदे, बघायच्या, बुडाजवळचा पाचोळा बोटाने बाजूला करून फोटो घ्यायचा आणि पाचोळा परत सारायचा.

वारुळावरच्या अळंबीची खरी खूण जमिनीखाली असते. वाळवी वारुळात पोळ्यासारखी रचना करून त्यावर बुरशी वाढवते. अळंबी त्या पोळ्यातून वर येते, त्यामुळे तिचा देठ मातीत निमुळता होत मुळासारखा खोलवर गेलेला असतो, कधी वीतभर, कधी हातभर. छत्रीच्या मधोमध टणक टोक असतं, माती फोडायला. पात्या आधी पांढऱ्या, मग फिक्या गुलाबी होतात. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा: नखाएवढ्या छत्र्यांची, शेकड्यांनी उगवणारी जात वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर येते. तिला लांब मूळ नसतं.

घात करते ती गवतातली मोठी, खवल्यांची अळंबी. मैदानात, चराऊ गवतात ती येते. देठावरचं कडं सुटं, वरखाली सरकणारं. कोवळी असताना पात्या पांढऱ्याच असतात, म्हणून लोक फसतात. पुढे त्यांवर हिरवट झाक येते. खाल्ल्यास एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

हा घोळ बीजाणूंच्या, म्हणजे पात्यांतून गळणाऱ्या बीसारख्या सूक्ष्म कणांच्या, ठशाने सुटतो. पूर्ण उघडलेली छत्री देठापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या आणि दोन्ही भागांवर येईल अशी छत्री पात्या खाली करून ठेवा. वरून पाण्याचा एक थेंब, त्यावर पालथी वाटी. सहा ते बारा तासांनी उचला. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, गवतातल्या त्या अळंबीचा हिरवा. ठसा उमटलाच नाही तर छत्री कोवळी होती किंवा पार जून झाली होती. कागदावर नुसता ओला डाग आला तर छत्री भिजलेली होती. अशी छत्री आधी तासभर वाऱ्याला ठेवावी. पांढरा ठसा मात्र काळ्या अर्ध्यावरच दिसतो, आणि तोच सगळ्यात सावधपणे बघायचा. पांढरा ठसा, पांढऱ्या पात्या आणि बुडाशी पिशवीसारखी वाटी असं तिन्ही जुळलं तर ती अळंबी घरात आणायचीच नाही. त्या गटातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सहा-बारा तास उलटल्यावर सुरू होतो. उपटताना मातीत राहते ती नेमकी हीच वाटी. चांदीचा चमचा काळा पडतो का, तांदूळ पिवळे होतात का, किडे लागले आहेत का, या घरगुती परीक्षा साफ खोट्या आहेत. ठसासुद्धा खायचा परवाना नव्हे, ओळखीचा एक पुरावा आहे.

पावसाळी भाजीतही नजर खालीच लागते. टाकळा (कन्नडात तगचे) आणि कासविंदा कोवळेपणी शेजारी उगवले तर घोटाळा होतो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, टोकाला गोल. खालच्या जोड्यांमध्ये टोकदार ग्रंथी. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि ग्रंथी एकच, पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. त्याच्या बिया विषारी असतात, विशेषतः लहान मुलांना.

दगडफूल, म्हणजे शैवाक, खरवडून काढू नये. वर्षाला ते काही मिलिमीटरच वाढतं. वादळानंतर पडलेल्या फांद्यांवर हवं तेवढं मिळतं. वाळलेलं बघू नका, पाणी शिंपडा; रंग खुलतो आणि पाकळ्या वाकतात. मग पालथं करा: मधे काळं, बारीक केसांसारखे आकडे, कडेला आकडे नसलेली तपकिरी पट्टी. मसाल्याच्या दगडफुलात निदान दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. एकीच्या कडेवर पिठासारखी भुकटी आणि काळे केस, दुसरीच्या वरच्या बाजूवर सूक्ष्म खुंट. वरचं साल नखाने खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टाकला की खुंटवाली तिथे लाल होते, भुकटीवाली तशीच राहते. हा लाल रंग काही सेकंदांत उडतो, म्हणून भिंगातून बघत असतानाच थेंब सोडा. ब्लीच ताजंच हवं. बाटली उघडून महिने झाले असतील तर खुंटवालीही पांढरीच दिसते आणि नाव चुकतं.