आता दिसतंय काय?

आईच्या घरच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करत होतो. ६२ टक्के. आणि देवगडात लाइट गेली.

फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो. नशीब, तो आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर होते. तरी रीस्टार्ट होईपर्यंत जीव टांगणीला.

आई खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात उभी. कॅमेऱ्याकडे बघत, पदर सारखा करत म्हणाली, "आता मी तुका दिसतंय काय रे?"

मी तिच्या शेजारीच होतो.

कॅमेऱ्यासोबत आलेला मूळ पासवर्डही आजच बदलला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, असेच पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले होते. आईचं खळं परक्या कुणी बघावं, ही कल्पनाच सहन होत नाही.

पण मुंबईत बसून मी रोज बघतो, ते तिला आवडतं का? कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत?